भिंतीवरचे बटण काढू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मी बडोद्याला दांडिया बाजारात राहणारा वायरमन आहे. १९८९ साली तरसालीच्या आयटीआयमधून इलेक्ट्रिशियनचा कोर्स करून बाहेर पडलो, तेव्हापासून हाच धंदा. आमच्या भागातल्या जुन्या घरांतली लाकडी पट्टीवरची वायरिंग मी उतरवली, तिथे पाइपातून नवी ओढली, आणि गेली सहा-सात वर्षे त्याच घरांत मोबाइलवर चालणारे दिवे, प्लग, पंख्याची बटणे बसवतो आहे. आता मला बसवायला जितकी बोलावणी येतात त्याहून जास्त ती ऐकेनाशी झाली म्हणून येतात. "काका, ऑफलाइन दाखवतंय," हे वाक्य दिवसातून एकदा तरी कानावर पडतेच. त्यातल्या एका बोलावण्याबद्दल मला लिहायचे आहे. त्या घरात जे झाले ते अजिबात व्हायला नको होते, आणि तेच मी घरोघर पाहतो आहे.

शाळेत मला गणित शिकवणाऱ्या बाई कारेलीबागेत एकट्या राहतात. वय ७९. मुलगा टोरंटोला. तीन वर्षांपूर्वी तो दिवाळीत आला होता, तेव्हा त्याने घरभर ही स्मार्ट उपकरणे बसवून घेतली. हेतू चांगलाच होता. बाईंचे गुडघे दुखतात, रात्री उठून बटणापर्यंत जायला नको. गिझर चालू राहिला तर त्याला तिकडून बंद करता यावा. काम दुसऱ्या एका फिटरने केले होते. श्रावणातल्या एका सकाळी बाईंचा फोन आला, "अरे, घरातलं काहीच ऐकत नाही. काल संध्याकाळपासून अंधारात बसलेय. तुला रात्री त्रास नको म्हणून आत्ता फोन केला."

मी पोचलो तेव्हा हॉलच्या मधोमध देवघरातली समई होती. खाली तेल सांडू नये म्हणून जुना पेपर पसरलेला. बाईंनी रात्रभर तेवढ्या उजेडावर काढली होती. बाथरूमला जाताना मोबाइलचा टॉर्च, आणि मोबाइलचे चार्जिंग संपत आल्यावर भिंत चाचपत. लाइट गेलेली नव्हती. फ्रिज चालू होता, मीटरचा लाल ठिपका लुकलुकत होता. मी सवयीने दाराजवळच्या बोर्डाकडे हात नेला, तर तिथे बटणच नाही. कोरी पांढरी प्लेट. मेन बंद करून प्लेट उघडली. आत फेजची, म्हणजे वीज आणणारी, वायर आणि दिव्याकडे जाणारी वायर एकमेकींना पीळ देऊन वरून टेप मारलेली. बेडरूममध्ये तसेच, पॅसेजमध्ये तसेच. सात ठिकाणची बटणे त्या फिटरने उखडून टाकली होती.

त्याने असे का केले ते मला कळते. स्मार्ट बल्बाला आतून जागे राहायला सतत वीज लागते. कोणी भिंतीवरून बटण बंद केले की बल्ब मेला, मग मोबाइलवरून कितीही हाक मारा. म्हणून बटणच नको, असा त्याचा हिशेब. शिवाय रात्री लाइट जाऊन आली की सगळे दिवे आपोआप पेटू नयेत म्हणून ॲपमध्ये "शेवटची स्थिती लक्षात ठेव" हे सेटिंग केलेले. त्यामुळे बाईंनी शेजारच्या मुलाकडून मेन बंद-चालू करून पाहिले तरी दिवे बंद ते बंदच. दोन्ही गोष्टी आपापल्या जागी बरोबर असतील, पण एकत्र आल्यावर ७९ वर्षांच्या बाईंना स्वतःच्या घरात दिवा लावायचा एकही मार्ग उरला नाही. संपादक महोदय, पस्तीस वर्षांत मी शॉर्ट सर्किट पाहिली, जळालेले मीटर पाहिले, पण त्या कोऱ्या प्लेटेचा मला जितका राग आला तितका कशाचाच आला नव्हता.

बिघाड काय होता? आदल्या दिवशी दुपारी इंटरनेट कंपनीचा मुलगा आला होता. "आजी, अपग्रेड आहे, फुकट आहे," म्हणून त्याने जुना राउटर काढला, नवा लावला, बाईंच्या मोबाइलवर आणि टीव्हीवर नेट चालते आहे हे दाखवले आणि गेला. नव्या राउटरचे वायफायचे नाव नवे, पासवर्ड नवा. अकरा उपकरणे मात्र अजून जुन्या नावालाच शोधत होती. स्मार्ट बल्ब बसवताना आपण त्याला एकदाच वायफायचे नाव आणि पासवर्ड सांगतो. तो ते पाठ करतो आणि जन्मभर तेवढेच शोधतो. त्याला ना स्क्रीन ना कीबोर्ड, नवे नाव तो विचारणार कोणाला? म्हणजे बाईंच्या घरातली उपकरणे एकदम गप्प झाली ती बिघडली म्हणून नव्हे.

अशा वेळी लोक काय करतात? एकेक उपकरण रीसेट मारत सुटतात. अकरा उपकरणे, प्रत्येकाला दहा-पंधरा मिनिटे, शिडी, माळा, गिझरच्या मागे हात घालणे. अर्धा दिवस जातो, आणि त्यात ठरवलेल्या वेळा, गट, मुलाच्या फोनमधली मांडणी सगळे पुसले जाते. सोपा उपाय उलटा आहे. उपकरणांना नवे नाव शिकवण्याऐवजी नव्या राउटरला जुने नाव द्यायचे. नाव आणि पासवर्ड अक्षरन् अक्षर तेच ठेवले की उपकरणांना राउटर बदलल्याचे कळतही नाही.

पण जुने नाव कोणाला आठवणार? जुना राउटर, त्याच्या पाठीवरचे स्टिकर, दोन्ही तो मुलगा घेऊन गेलेला. बाई उठल्या, कपाटातून गेल्या वर्षीची दिनदर्शिका काढली आणि डिसेंबरच्या पानाची मागची बाजू माझ्यापुढे धरली. तिथे त्यांच्या फळ्यावरच्या अक्षरात नाव आणि पासवर्ड लिहिलेला. शून्याच्या पोटातून तिरपी रेघ. ही रेघ मी सातवीपासून ओळखतो. बाई वर्गात म्हणायच्या, शून्य आणि ओ यांत गोंधळ झाला तर उत्तर माझं नाही, तुमचं चुकेल. त्या रेघेमुळे पासवर्ड मला पहिल्याच वाचनात बरोबर कळला.

मी राउटरच्या सेटिंगमध्ये शिरलो, नाव टाकले, पासवर्ड टाकला, सेव्ह केले. पाच मिनिटे थांबलो. काहीच नाही. पुन्हा पानावर बोट ठेवून एकेक अक्षर ताडले तेव्हा लक्षात आले, नावाचे पहिले अक्षर कागदावर लहान होते आणि माझ्या मोबाइलच्या कीबोर्डने ते आपोआप मोठे केले होते. वायफायला लहान आणि मोठे अक्षर म्हणजे दोन वेगळी नावे. ते सुधारले. दीड-दोन मिनिटे गेली आणि आतल्या खोलीतून बाईंचा आवाज आला, "अरे, इथला लागला! इथला लागला बघ!" ॲपमध्ये एकेक राखाडी चौकोन रंगीत होत गेला. अकरापैकी आठ परत आली.

उरली तीन. त्यांची कारणे तिन्ही वेगळी निघाली.

गिझरचा प्लग दूर होता. जुना राउटर पॅसेजच्या माळ्यावर असायचा, नवा त्या मुलाने टीव्हीच्या कपाटात, सेट-टॉप बॉक्सच्या मागे कोंबला होता. राउटर पुन्हा माळ्यावर नेला, प्लग आला. इथे एक गोष्ट सांगून ठेवतो. वायफायचे दोन पट्टे असतात, २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ. ही स्वस्त उपकरणे बहुतेक सगळी २.४ गिगाहर्ट्झवरच चालतात. ५ गिगाहर्ट्झचा वेग जास्त, पण ते त्यांना दिसतच नाही. नवे राउटर दोन्ही पट्टे एकाच नावाखाली दाखवतात, त्यामुळे नवे उपकरण जोडताना मोबाइल पाचवर आणि उपकरण दोन पूर्णांक चारवर, अशी चुकामूक होते. तेवढ्यापुरते ५ गिगाहर्ट्झ बंद करावे, जोडणी झाली की चालू करावे. राउटरची सुरक्षा फक्त डब्ल्यूपीए३ ह्या नव्या पद्धतीवर ठेवली असेल तर जुनी उपकरणे आतच येत नाहीत. ती डब्ल्यूपीए२ वर किंवा दोन्ही चालतील अशी ठेवावी. आमच्या दांडिया बाजार-रावपुऱ्याकडच्या जुन्या घरांच्या भिंती दोन-दोन फुटी, विटा आणि चुन्याच्या. तिथे एका राउटरवर तीन मजल्यांची अपेक्षा करू नये.

दुसरा, पॅसेजमधला बल्ब, खरोखरच गेलेला होता. अकरांत एवढे एकच.

तिसरी होती दारावरची बेल, कॅमेऱ्याची. ती वायफायवर आली होती, तिचा निळा दिवाही स्थिर होता. पण बाईंच्या मोबाइलमध्ये दिसेना. रीसेट केली, पुन्हा जोडायला गेलो तर निरोप आला की हे उपकरण दुसऱ्या खात्याला जोडलेले आहे. टोरंटोला मुलाला फोन लावला. त्याच्याकडे बेल फक्त "शेअर" केलेली होती. मूळ खाते त्या फिटरच्या मोबाइल नंबरवर. बसवताना ओटीपी लवकर यावा म्हणून त्याने स्वतःचाच नंबर घातला आणि तो तसाच राहिला. बाई क्षणभर गप्प बसल्या, मग म्हणाल्या, "म्हणजे माझ्या दारात कोण येतं-जातं ते तीन वर्षं त्या मुलाला दिसत होतं?" त्याने कधी पाहिले असेल असे मला वाटत नाही. पण पाहायचे ठरवले असते तर पाहू शकला असता, आणि बाईंना हो म्हणण्यावाचून माझ्याकडे उत्तर नव्हते. अनेक कंपन्यांची उपकरणे नुसती रीसेट केल्याने मूळ खात्यातून सुटत नाहीत. ज्याचे खाते त्यालाच ती आपल्या ॲपमधून काढावी लागतात. चोरीचा माल दुसऱ्याने वापरू नये म्हणून ही सोय केलेली आहे, पण इथे मालकच बाहेर राहिला. तो फिटर आता दुबईला असतो. चार दिवस निरोपानिरोपी झाली, त्याने तिथून काढून टाकली, तेव्हा बेल बाईंच्या नावावर आली.

ह्यावरून मी माझ्या कामात एक नियम केला आहे आणि शहरातल्या सगळ्या वायरमन-फिटर भावांनी तो पाळावा अशी हात जोडून विनंती आहे. खाते घरात राहणाऱ्या माणसाच्या नंबरवर. परदेशातल्या मुलाच्या नाही, सोसायटीच्या सेक्रेटरीच्या नाही, आपल्या तर नाहीच नाही. ओटीपी यायला वेळ लागला तर चहा प्यावा, पण आपला नंबर घालू नये. मुलाला शेअर करता येते.

आता बडोद्याचे म्हणून जे प्रश्न आहेत ते. आपल्याकडे पावसाळ्यात लाइट गेली आणि आली की ती एकदम येत नाही. येते, जाते, येते, जाते, मग टिकते. बऱ्याच स्मार्ट बल्बांना रीसेट करायची रीत कंपनीने अशी ठेवली आहे की तीन किंवा पाच वेळा भराभर बंद-चालू करा. आता तुम्हीच बघा, फीडरवरून, म्हणजे भागाला वीज देणाऱ्या लाइनवरून, लाइट तीनदा फडफडली की बल्बाला वाटते मालकाने रीसेट मागितला. तो वायफायचे नाव विसरतो आणि दिवाळीच्या माळेसारखा लुकलुकत बसतो. लोक म्हणतात, लाइटच्या झटक्याने बल्ब उडाला. उडालेला नसतो. भराभर लुकलुकणारा बल्ब "मला पुन्हा जोडून घ्या" एवढेच सांगत असतो.

२०२४ च्या ऑगस्टमध्ये, जन्माष्टमीच्या दिवसांत, विश्वामित्रीचे पाणी शहरात शिरले ते वाचकांना आठवत असेल. कितीतरी भागांत वीज बंद ठेवावी लागली होती. पाणी उतरल्यावर समा रोडकडच्या एका इमारतीत मी गेलो, तिथे जिन्याखाली कचऱ्यात एक पिशवी होती, चौदा स्मार्ट बल्ब. दुसऱ्या-तिसऱ्या मजल्यावरचे, पाण्याचा थेंबही न लागलेले. विचारून घरी आणले, होल्डरला लावून एकेक पाहिला. बारा चांगले होते. लाइटच्या फडफडीने नुसते नाव विसरलेले. ज्याला पाणी लागले असेल ते उपकरण मात्र वाळवून पुन्हा लावू नये, आत गंज धरतो आणि महिन्या-दोन महिन्यांनी दगा देतो. ते फेकलेलेच बरे.

इन्व्हर्टर असलेल्या घरांतही गडबड होते. लाइट गेल्यावर इन्व्हर्टर भार उचलतो त्या क्षणभराच्या फटीत राउटर झोपतो आणि पुन्हा उठायला दोन-तीन मिनिटे घेतो. बल्ब दहा सेकंदांत उठून हाका मारू लागतात, उत्तर मिळत नाही. चांगले उपकरण हाका मारत राहते, हलक्यातले थोड्या वेळाने नाद सोडते आणि तुम्ही बंद-चालू करेपर्यंत तसेच राहते. राउटरला १२ व्होल्टचा छोटा यूपीएस लावला की हा त्रास जवळजवळ संपतो. माझ्या हातून झालेल्या कामांत सर्वांत कमी पैशांत सर्वांत जास्त समाधान ह्यानेच मिळाले आहे.

गिझरबद्दल मात्र थोडे सविस्तर, कारण इथे जिवाशी गाठ आहे. अलकापुरीतल्या एका घरी ॲप गिझर बंद दाखवत होते आणि गिझर चालू होता. लोक ह्यालाही "रिस्पॉन्ड करत नाही" म्हणतात, पण हा आजार वेगळा. प्लगच्या आत एक रिले असतो, म्हणजे विजेने उघड-मीट होणारे लहानसे बटण. ते भारापेक्षा कमी ताकदीचे असेल तर त्याचे टोक ठिणगीने चिकटते. प्लग उघडला, स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने रिलेवर हलकेच ठोकले, तर टक् असा आवाज आला आणि टोक सुटले. टोकाला काळा डाग होता, प्लगचे प्लास्टिक तपकिरी पडले होते. ३ किलोवॉटचा गिझर २३० व्होल्टवर १३ अँपिअर खेचतो, आणि प्लगवर लिहिले होते १० अँपिअर. गिझरला १६ अँपिअरचाच प्लग लावायचा, आणि त्याच्या आधी भिंतीवर हाताने बंद करायचे बटण असलेच पाहिजे. असा प्लग ठोकून सुटला म्हणून पुन्हा वापरू नये. नातेवाईक अमेरिकेतून प्लग आणून देतात, तेही लावू नयेत. तिथली वीज १२० व्होल्टची, आपल्याकडे ते जळतात. तिकडचे काही बल्ब जळत नाहीत पण जोडले जात नाहीत, कारण आपला राउटर कधी १२ किंवा १३ नंबरच्या चॅनलवर जाऊन बसतो आणि तिकडची उपकरणे ११ पर्यंतच ऐकतात. चॅनल १, ६ किंवा ११ पैकी एक पक्के करून टाकावे.

घरी काही ऐकेनासे झाले तर वायरमनला बोलावण्याआधी एवढे पाहावे. एकच उपकरण बंद आहे की सगळी? एकच असेल तर दोष त्या उपकरणात किंवा त्याच्या जागेत. सगळी एकदम गेली तर उपकरणांना हातही लावू नये. राउटर, इंटरनेट किंवा कंपनीचा सर्व्हर (उपकरणांना हुकूम पोचवणारा तिचा संगणक), तिथे पाहावे. राउटर बंद करून अर्धा मिनिट थांबावे, चालू करून तीन मिनिटे थांबावे. लोक इथे थांबत नाहीत आणि तिसऱ्या मिनिटाला रीसेट दाबतात. मोबाइलवर व्हीपीएन चालू असेल तर बंद करून पाहावे. ॲपला लोकेशनची किंवा घरच्या नेटवर्कची परवानगी नाकारली गेली आहे का पाहावे. फोनच्या अपडेटनंतर किंवा नव्या फोनवर हे फार वेळा होते. रीसेट सगळ्यात शेवटी.

सर्व्हरबद्दल मला आणखी सांगायचे आहे, कारण ते सामान्य माणसाला कोणी सांगत नाही. हॉलमध्ये बसून तुम्ही मोबाइलवर बोट ठेवता, सहा फुटांवरचा दिवा लागतो, पण बऱ्याच उपकरणांत तो निरोप आधी परदेशातल्या संगणकापर्यंत जातो आणि तिथून परत येतो. २० ऑक्टोबर २०२५ रोजी, आपली नरकचतुर्दशी होती, अमेरिकेतल्या व्हर्जिनियातल्या ॲमेझॉन कंपनीच्या सर्व्हरमध्ये बिघाड झाला आणि जगभर बोलणारे स्पीकर, दारावरच्या बेला, अनेक ॲप्स तासन् तास अडकली. अशा दिवशी घरात रीसेट मारत बसलात तर चांगले चालणारेही विस्कटून ठेवाल. त्याहून वाईट म्हणजे कंपनीच सर्व्हर बंद करते. रिव्हॉल्व्ह नावाचा तीनशे डॉलरचा हब, म्हणजे घरातली स्मार्ट उपकरणे एकत्र चालवणारी पेटी, मे २०१६ मध्ये असाच निरुपयोगी झाला. स्मार्ट उपकरणे बनवणाऱ्या इन्स्टिऑन कंपनीचे सर्व्हर एप्रिल २०२२ मध्ये गिऱ्हाइकांना न सांगता बंद पडले. पुढे काही गिऱ्हाइकांनीच मिळून ती कंपनी विकत घेतली आणि सेवा पुन्हा सुरू केली. वस्तू तुमची, पैसे तुमचे, वायर तुमच्या भिंतीत, आणि ती चालणार की नाही हे दुसरेच कोणी ठरवते, हे मला मान्य नाही.

ब्रिटनमध्ये २९ एप्रिल २०२४ पासून कायदा लागू आहे, की अशा वस्तू विकणाऱ्याने सुरक्षेची अपडेट्स कमीत कमी किती काळ देणार ते गिऱ्हाइकाला सांगितलेच पाहिजे. आपल्या केंद्र सरकारनेही डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी पोर्टल सुरू केले. माझी मागणी साधी आहे. पेटीवर एमआरपीच्या शेजारी दोन ओळी छापाव्यात: कंपनीचा सर्व्हर कोणत्या वर्षापर्यंत नक्की चालेल, आणि इंटरनेट नसताना हे उपकरण चालते की नाही. बल्बावर वॉट लिहितात, मिक्सरवर वॉरंटी लिहितात, मग हे का नको? २०२२ च्या ऑक्टोबरात मॅटर नावाचे मानक आले, त्यात उपकरणाला घरातल्या घरात हुकूम देता येतो. पेटीवर तीन बाण मध्याकडे तोंड करून असल्यासारखी त्याची खूण असते. शक्य असेल तर ती खूण पाहून घ्यावे.

इंटरनेट कंपन्यांना माझी विनंती आहे, राउटर बदलणाऱ्या मुलाला एकच प्रश्न विचारायला शिकवा: "घरात वायफायवर चालणारं आणखी काही आहे का?" उत्तर हो आले तर जुने नाव आणि जुना पासवर्ड नव्या राउटरमध्ये घालायला त्याला पाच मिनिटे लागतात. तो मुलगा कामचुकार होता असे मी म्हणत नाही. त्याला दिवसाला ठरलेली घरे उरकायची असतात आणि हे कोणी सांगितलेलेच नसते.

बाईंच्या घरची सातही बटणे मी परत बसवली. ह्यात काही अवघड नाही: बटणाच्या मागे, त्याच बोर्डात, काडेपेटीएवढे स्मार्ट मॉड्यूल मावते. मग भिंतीवरूनही दिवा लागतो, मोबाइलवरूनही लागतो, आणि वायफाय गेले तरी बटण आपले काम करते. त्याला बोर्डात न्यूट्रलची, म्हणजे वीज परत नेणारी, वायर लागते. जुन्या घरांत बटणापर्यंत नुसता फेज आणलेला असतो, तिथे एक जादा वायर ओढावी लागते. थोडा खर्च येतो. न्यूट्रलशिवाय चालणारी मॉड्यूल्सही मिळतात, पण त्यांवर कमी वॉटचे एलईडी बंद केल्यावरही मंद जळत राहतात किंवा फडफडतात, म्हणून मी ती बसवत नाही. गिऱ्हाइकाने खर्च नको म्हटले तर मी साधे बटण ठेवतो, त्यावर "चालू राहू द्या" अशी चिठ्ठी लावतो, आणि बल्ब लावून येतो. पण कोरी प्लेट मारत नाही.

पॅसेजमध्ये आता नऊ वॉटचा साधा एलईडी आहे. बाईंनी तसाच मागितला.

मीटरच्या पेटीच्या दाराला आतून एक कागद चिकटवला आहे. त्यावर बाईंनी स्वतःच्या हाताने लिहिले आहे: वायफायचे नाव, पासवर्ड, कोणत्या खोलीत कोणते उपकरण आणि ते कधी बसवले, खाते कोणत्या नंबरवर, राउटर बदलायला कोणी आले तर त्याला काय सांगायचे, आणि माझा फोन. त्या कागदाचा कोरा नमुना मी मराठीत आणि गुजरातीत लिहून झेरॉक्स काढल्या आहेत. दांडिया बाजारातल्या ज्या दुकानातून मी माल घेतो तिथे काउंटरवर गठ्ठा ठेवला आहे. पैसे नाहीत. ज्याला हवा त्याने न्यावा, आणि इतर गावांतल्या वायरमन मंडळींनी आपल्या गिऱ्हाइकांसाठी खुशाल तसाच करून घ्यावा.

आपला नम्र,
एक वायरमन
दांडिया बाजार, बडोदे